हवेचा मान

आमच्या क्लबाचं वाटोळं करायला बाहेरचा कुणी लागला नाही, घरचेच पुरले. मागच्या महिन्यात जालन्याला सामना होता. सकाळच्या एसटीनं मी बॉल मांडीवर घेऊन गेलो आणि मैदानाच्या कडेला जाऊन बसलो. समोरचा संघ तयार, पंच तयार, आणि आमच्या बाजूला मी एकटा, साठी उलटलेला, गुडघे कामातून गेलेला. क्लबात दोन गट, बद्रीनाथचा आणि राधेश्यामचा. बद्रीनाथची माणसं आली नाहीत, कारण त्यांना वाटलं राधेश्यामची येणार. राधेश्यामची आली नाहीत, कारण त्यांना वाटलं बद्रीनाथची येणार. दोघांनाही दुसऱ्याबरोबर एका मैदानावर दिसायचं नव्हतं. न खेळता हरलो. परतीच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं, नातवाला घेतला का बॉल. मी खिडकीबाहेर बघत बसलो. तोंड उघडलं असतं तर जे निघालं असतं ते एसटीत बोलण्यासारखं नव्हतं.

कुंभार पिंपळगावात फुटबॉल म्हटलं की बाहेरचे लोक हसतात. हसू द्या. आमच्या गावचे भिवातात्या मिलिटरीत स्वयंपाकी होते. नोकरी संपवून आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत चामड्याचा बॉल होता. बाजाराच्या मैदानावर त्यांनी पोरं गोळा केली आणि गावाला नाद लावला. बॉल मऊ पडला की हवा कुठून आणायची हा प्रश्न होता. गावात सायकलचा पंप एकच, तो माझ्या वडिलांचा. म्हणून बॉल आमच्या घरी यायचा, हवा भरून घ्यायचा, आमच्याकडंच मुक्काम करायचा, आणि सामन्याच्या दिवशी वडील तो काखेत घेऊन मैदानाच्या मधोमध नेऊन ठेवायचे. काही वर्षं असं चाललं आणि लोक म्हणायला लागले, हवेचा मान यांच्या घराण्याचा. वडील गेल्यावर तो मान माझ्याकडं, रामप्रसादकडं आला.

आमच्या गावाचं हे असंच आहे. एखादी गोष्ट दोनदा केली की तिसऱ्यांदा तिचा मान होतो. जत्रेतली काठी कुणाची, पहिला नारळ कुणाचा हे जिथं पिढ्यान् पिढ्या ठरलेलं, तिथं फुटबॉल कसा सुटणार? पहिल्या सामन्यात बद्रीनाथचा चुलता गोलात उभा राहिला, कारण त्याला पळायचा कंटाळा. तेव्हापासून गोल बद्रीनाथच्या घराचा. राधेश्यामचे वडील मागं डाव्या बाजूला उभे राहिले, कारण तिकडं लिंबाची सावली होती. तेव्हापासून ती जागा राधेश्यामच्या घराची, मग सामना कुठंही असो. पुढची मधली जागा, जिथून गोल मारायचे, ती बद्रीनाथच्या भावकीची. सगळा संघ असा घरावार वाटलेला. कोण कसा खेळतो हे विचारायची पद्धतच नव्हती.

आणि तरी आम्ही जिंकायचो. जालन्याहून ढाल आणली त्या वर्षी गावात शिरताना बॉल माझ्या काखेत होता आणि लोक माझ्या पाया पडत होते. मी लाथ मारली नव्हती की पास दिला नव्हता. पण खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती.

मग एक अंतिम सामना असा झाला की तो आठवला की अजून डोकं फिरतं. राधेश्याम तेव्हा ऐन पंचविशीतला. डावा पाय असा की बॉल त्याचं ऐकायचा. बरोबरी चालू होती. त्यानं मागून बॉल घेतला आणि निघाला. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, समोरचा गोलकीपर घसरून पडला, गोल उघडा. तेवढ्यात आमच्या गोलातून बद्रीनाथची आरोळी आली, "राधे, माघारी फिर. ती जागा तुमची न्हाई."

आणि तो फिरला. बॉल त्यानं मानकऱ्याच्या, म्हणजे बद्रीनाथच्या चुलतभावाच्या पायात दिला. त्या गड्यानं तो थेट मैदानाबाहेरच्या रसवंतीत मारला. आम्ही हरलो. राधेश्याम तेव्हा काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. काही माणसांचा राग तोंडातून वाफेसारखा निघून जातो, याचा आत मुरत राहिला.

तोच राधेश्याम आता क्लबाचा सचिव. बाजारात खत-बियाण्याचं दुकान आहे, शब्दाला वजन आहे. बद्रीनाथ अध्यक्ष, तो तर माझ्या आठवणीत कायमच अध्यक्ष आहे. वर्षभरापूर्वी राधेश्यामनं माऊलीला संघात आणलं. माऊली साखर कारखान्यात कामाला आलेला, भाड्यानं राहणारा. त्याचं गावात घर नाही, म्हणजे मान नाही, म्हणजे जागा नाही. पण खेळ असा की बघणाऱ्यानं हातातला चहा थंड होऊ द्यावा. राधेश्याम म्हणाला, पुढं माऊली खेळेल, आणि गोलात ज्याला दिसतं असा कुणीतरी उभा करा. कारण गोलात बद्रीनाथचा पुतण्या होता. भला पोरगा, पण बॉल तोंडावर बसेल म्हणून गोलात चष्मा काढून उभा राहायचा, आणि चष्मा काढला की त्याला बॉल आणि कबूतर सारखंच.

बद्रीनाथनं बैठकीत विचारलं, मान काय बाजारात मांडायचा का आता? तिथून फाटलं. एक संघ सकाळी सराव करायला लागला, दुसरा संध्याकाळी. दोघांचं नाव एकच, दोघांचा शर्ट तोच लाल. तीर्थपुरीत नवीन क्लब निघत होता. राधेश्याम म्हणायला लागला, जास्त झालं तर आम्ही तिकडं जाऊ.

माझं मत विचाराल तर राधेश्याम बरोबर होता. आणि त्याचाच मला राग होता.

जालन्याला न खेळता हरल्यावर जिल्ह्याच्या लोकांनी स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा असं झालं तर क्लब लीगमधून बाद. पुढचा सामना रविवारी, आमच्याच मैदानावर, हसनाबादबरोबर. त्या दिवशी आमचा एक संघ उभा राहिला नाही तर भिवातात्यांनी लावलेला नाद तिथंच संपणार होता. मला दुसरा कुठला नाद नाही. दारू नाही, पत्ते नाहीत, राजकारण नाही. हंगाम संपला की मी घरात अडगळीसारखा असतो, हे नंदाबाईला विचारा, माझ्या बायकोला.

त्या आठवड्यात दोघंही घरी येऊन गेले. बद्रीनाथ आला, चहा प्याला, पावसापाण्याचं बोलला आणि उठताना म्हणाला, मानकऱ्यानं मानकऱ्याला सोडू नये, बॉल माझ्या हातात दे. दुसऱ्या दिवशी राधेश्याम आला. त्यानं चहा घेतला नाही. म्हणाला, काका, तुम्हाला खेळ कळतो, बॉल माऊलीच्या हातात द्या. दोघांनाही ठाऊक होतं की ज्याला मी बॉल देईन तोच संघ गाव खरा मानेल. आणि मलाही ठाऊक होतं की ज्याला देणार नाही तो त्याच दिवशी उठून जाईल आणि परत येणार नाही. अर्धा क्लब म्हणजे काही क्लब नव्हे. मी दोघांनाही बघू म्हणालो.

रविवारी दुपारी पंप काढला. तोच वडिलांचा पंप. नळी आणि सुई यांचा सांधा इतका ढिला झालाय की एकानं तो दोन्ही हातांनी दाबून धरल्याशिवाय दुसऱ्याला हवा मारता येत नाही. एकट्याचं काम नाही ते. नंदाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून सांधा ती धरते, दांडा मी मारतो. नवा पंप घ्या म्हणून तिनं कितीदा सांगितलं. नवा पंप आणला तर मान त्या पंपाचा होईल, आपला कसला, असं मी म्हणायचो आणि ती कपाळावर हात मारायची.

"कुणाला देणार हाव?" तिनं सांधा दाबत विचारलं.

"न्हाई माहीत."

"मंग कशाला फुगवून राह्यलो आपण?"

तिनं बॉलला हळदीकुंकू लावलं. मी पंप पिशवीत घातला. कशाला नेताय, तिनं विचारलं. म्हटलं, घरी ठेवला तर यातला कुणीतरी येऊन उचलून नेईल. माझा आता कुणावर भरवसा राहिला नव्हता. नंदाबाई कुंकवाचं ताट घेऊन मागून निघाली.

मैदानावर अख्खं गाव होतं आणि आवाज नव्हता. एरवी मी बॉल घेऊन आलो की हलगी कडाडते. त्या दिवशी हलगीवाला हलगी मांडीवर घेऊन बसला होता, कुणासाठी वाजवावी ते त्याला कळत नव्हतं. एका टोकाला लाल शर्टांचे अकरा, दुसऱ्या टोकाला लाल शर्टांचे अकरा. मधे हसनाबादची पोरं पिवळ्या शर्टात, न खेळता मिळणाऱ्या विजयाच्या आशेनं खुशीत. पंच होत्या साधना मॅडम, जालन्याच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी बद्रीनाथला आणि राधेश्यामला मधे बोलावलं.

त्या म्हणाल्या, क्लब एक, संघ एक. कुठला ते तुम्ही ठरवा. वेळ होईपर्यंत मी थांबते, नंतर वॉकओव्हर लिहून निघते, आणि पुढं काय होईल ते तुम्हाला माहीत आहे. हे सांगून त्यांनी घड्याळ बघितलं.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. मग मैदानावरच्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी बॉल काखेत धरून मधोमध गेलो. जन्मभर हे अंतर मी मिरवत चाललो होतो, त्या दिवशी ते सरता सरेना. बद्रीनाथनं दोन्ही हात पुढं केले. राधेश्यामनं हात पुढं केले नाहीत, पण माऊलीला पुढं उभा केला. माऊली बिचारा खाली बघत होता.

हसनाबादचा कप्तान हसत हसत पुढं आला. त्यानं आपला बॉल पायानं सरकवला. "काका, भांडण कामून? आमचा बॉल घ्या की."

"न्हाई." बद्रीनाथ आणि राधेश्याम एकाच वेळी म्हणाले.

कित्येक महिन्यांत या दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट. मला आशा वाटायला हवी होती. मला संताप आला. परक्याचा बॉल नको म्हणायला एक, आणि आपला बॉल खेळायला दोन! बद्रीनाथला गोल सोडवत नाही, कारण तो त्याच्या घराचा. राधेश्यामला वाटतं सगळ्यांचे मान मोडावेत. आणि मला? मला आतून पटलं होतं की मान मोडायला हवेत, फक्त माझा तेवढा राहावा. राधेश्यामचा राग मला त्यासाठीच यायचा. तो एक एक वीट काढत होता आणि माझी वीट त्याच भिंतीत होती.

मी खाली बसलो. गुडघे कुरकुरले. पिशवीतून पंप काढला, सुई नळीपासून सोडवली, थुंकीनं ओली केली आणि बॉलच्या भोकात घातली. हवा सूं करून निघाली. गर्दीतून कुणीतरी अरे अरे म्हणालं. बद्रीनाथ ओरडला, "रामप्रसाद, येडा झाला का? काय करून राह्यला तू?"

मी बॉल गुडघ्याखाली दाबला. शेवटचा वारा निघेपर्यंत दाबला. मग चपटा बॉल, पंप आणि सुई मैदानाच्या मधोमध ठेवली आणि उठलो.

"हवेचा मान आमच्या घराण्याचा होता," मी म्हणालो. "तो आज संपला. इथून पुढं ज्याला खेळायचं त्यानं हवा भरावी. पंप हा इथंच हाय."

आणि मी कडेला, नंदाबाईजवळ जाऊन उभा राहिलो. ती माझ्याकडं बघत राहिली. साधना मॅडमनी पुन्हा घड्याळ बघितलं. बाजारातल्या पंक्चरवाल्याकडं हवेचं मशीन आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण जागचं कुणी हललं नाही. त्या पंपाशिवाय दुसरी हवा त्या बॉलमध्ये कधी गेलीच नव्हती.

शेवटी बद्रीनाथ वाकला. सुई लावली, बॉल पायात धरला आणि दांडा दाबला. हवा सांध्यातून त्याच्याच धोतरावर. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. एका हातानं सांधा धरून दुसऱ्या हातानं दांडा मारून बघितला, पंप आडवा पडला. पिवळ्या शर्टातलं कुणीतरी हसलं. बद्रीनाथचं तोंड लालबुंद झालं. पण तो उठला नाही. म्हातारा पुन्हा पंप उभा करत होता, आणि नको असताना मला त्याची दया आली.

राधेश्याम हाताची घडी घालून बघत होता. मग तो पुढं आला, बद्रीनाथसमोर उकिडवा बसला आणि सांधा दोन्ही हातांनी दाबला.

"मारा, काका," तो म्हणाला. "पन पुढं माऊली खेळंल."

बद्रीनाथचा हात थांबला. त्यानं माऊलीकडं बघितलं, हसनाबादच्या पोरांकडं बघितलं. "खेळू दे," तो पुटपुटला आणि दांडा मारला. बॉलचा एक गाल वर आला. मग तो म्हणाला, "गोल मात्र आमच्याच घरचा."

राधेश्यामनं बोटं सैल केली. सूं करून हवा निघाली, बॉल पुन्हा बसला.

"त्याला दिसत न्हाई, काका. तुमाला बी माहीत हाय. पळतो बराबर. दुसरीकडं घेऊ त्याला."

"दुसरीकडं म्हंजी कुठं?" बद्रीनाथनं दांड्यावरचे हात काढले. आता त्याचे डोळे बारीक झाले होते. "तुझ्या डाव्या बाजूला? तिथं तर तुझा पोरगा. सगळ्यांचे मान मोडायला निघालास, राधे, मंग तुझ्या घरची जागा कशी काय राह्यली?"

हे खरं होतं. माझ्याही कधी ध्यानात आलं नव्हतं. राधेश्यामच्या संघात सगळं नवं होतं, पण मागं डावीकडं त्याचाच मुलगा उभा होता, धाप लागणारा, जाडजूड. राधेश्यामनं वर बघितलं. त्याचा मुलगा टोकाला उभा राहून नखं खात होता. साधना मॅडमनी शिटी हातात घेतली.

राधेश्यामनं मान खाली घातली आणि सांधा दाबला. इतका की बोटांची नखं पांढरी पडली.

"मारा," तो म्हणाला. "जल्दी मारा."

बद्रीनाथ मारत सुटला. डोक्याची टोपी पडली, कुणी उचलायला गेलं नाही. दोघं हळू आवाजात नावं घेत होते, हा घे, तो बस, हा मागं, तो मधे. ज्याचं नाव घेतलं तो त्या टोकाहून किंवा या टोकाहून मधे यायचा. बॉल भरत गेला. सुई काढली तेव्हा मधे एक संघ उभा होता. राधेश्यामचा मुलगा बाहेर बसला होता, आणि बद्रीनाथचा पुतण्या चष्मा लावून डावीकडं मागं गेला होता.

मग बद्रीनाथनं बॉल उचलला आणि सवयीनं माझ्यापुढं आणला. राधेश्यामही मागं उभा राहिला. दोघांनाही खरंच वाटत होतं की मी तो घेईन. घ्यावासा वाटत होता हो, हात शिवशिवत होते. मी दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"संपला म्हणलं ना," मी म्हणालो.

बद्रीनाथला काय करावं कळेना. त्यानं बॉल तिथंच, माझ्या पायाशी ठेवला. माऊली पुढं आला. त्यानं माझ्याकडं बघितलं, विचारल्यासारखं. मी दुसरीकडं बघितलं. त्यानं बॉल पायानं हलकेच सरकवला आणि तसाच पायानं लोटत मधोमध नेला. भिवातात्यांपासून आजवर सामना सुरू होण्याआधी त्या बॉलला कुणाचा पाय लागला नव्हता.

शिटी वाजली. हलगी कडाडली. नंदाबाईनं ताट खाली ठेवलं आणि आपली बोटं उघडमीट करून बघितली.

"चला," ती म्हणाली, "माझी बोटं तरी सुटली." आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

सामन्यात काय झालं ते गावात कुणालाही विचारा, तो चवीनं सांगेल. मला विचारू नका. इतक्या वर्षांत मी एकही सामना चुकवलेला नाही, पण त्या दिवशीचा पहिला हाफ मला नीट दिसलाच नाही.